उडवलेली ओळ आणि अडकलेल्या बाई

तीर्थरूप मामा, साष्टांग नमस्कार (बसल्या जागेवरून घातलाय, गोड मानून घ्या). गुडघा काय म्हणतो? मामीचा आवाज फोनवर खणखणीत येतो, तेव्हा तिची वेगळी विचारपूस करत नाही.

माझं काम काय, हे तुम्ही गेल्या खेपेला विचारलंत आणि मी 'कॉम्प्युटरचं' म्हणून पळ काढला. आता नीट सांगते. आम्ही लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम बनवतो. माणसाने लिहिलेलं यंत्राच्या भाषेत आणतो तो कंपायलर, आणि प्रोग्रॅम चालण्याआधीच तो साफसफाईही करतो. 'साठ गुणिले साठ' दिसलं की स्वतःच छत्तीसशे लिहून मोकळा; ज्या ओळीच्या उत्तराचा कुणाला उपयोग नाही, ती ओळच उडवतो. (तुमच्या माळ्यावर त्याला एकदा सोडायला हवा.) ही साफसफाई किती कडक, ते माझ्या हातात. परवा मी सगळ्यात कडक ठेवली आणि प्रोग्रॅम आमच्याच ऑफिसच्या लिफ्टला बसवला.

पहिल्या चढल्या आमच्या मोठ्या बाई. मजला आला, दार उघडलं आणि पापणी लवायच्या आत मिटलं. प्रत्येक मजल्यावर तेच! बाई सात वेळा वर-खाली झाल्या. दरवेळी फटीतून अर्धं वाक्य ऐकू यायचं. सगळी जोडल्यावर कळलं, विषय मी आहे. शेवटी लिफ्ट बंद करून त्यांना बाहेर काढलं.

प्रोग्रॅम होता आजोबांचा (ऑफिसात सगळे त्यांना असंच म्हणतात; आमच्यातले सगळ्यात जुने, पुढच्या महिन्यात निवृत्त होतील). त्यात एक ओळ नुसतीच दहा लाखांपर्यंत मोजायची आणि त्या मोजणीचं पुढे काहीच करायची नाही. कंपायलरने ती बिनकामाची ठरवून उडवली. मामा, ते मोजून होईपर्यंतच दार उघडं राहायचं! मला वाटलं, आजोबा चिडणार. ते खुर्ची ओढून बसले.

"कंपायलरचं काय चुकलं गं? थांबणं हेच त्या ओळीचं काम, हे मी कुठे लिहूनच ठेवलं नाही."

आणि सरळ बाईंकडे जाऊन म्हणाले, चूक माझी. मला रडूच फुटलं. 'हिला हात लावायचा नाही' अशी खूण त्या ओळीला करता येते. ती त्यांनी माझ्याच हातून करून घेतली.

बाकी सगळं ठीक.

तुमची लाडकी (अजूनही?) भाची

ता. क. बाई आजोबांना काही बोलल्या नाहीत. मला मात्र पंधरा दिवस सक्तीची विश्रांती दिलीय. तिकडे येऊ का? आईला तुम्हीच बोलावलंत असं सांगाल ना?

पुन्हा ता. क. पत्र टपालात टाकलंच नाही, स्वतः घेऊन आले. बाजारातून परतून तुम्ही हे वाचाल तेव्हा मी स्वयंपाकघरात मामीने दुसऱ्यांदा वाढलेलं जेवत असेन. चोर समजून काठी उचलू नका.