सूनबाई सेट झाली का?

ता. ४

चि. भोपळ्यास आत्याचे अ. आ. वि. वि.

तुझ्या साईटवर फोन लागत नाही, म्हणून कागद खर्ची घालते. लग्न करून बायको माझ्यापाशी ठेवलीस आणि तिकडे पूल बांधत बसलास. इथे माझं डोकं चालेनासं झालंय. परवा सूनबाई फोनवर तिच्या आईला सांगत होती, की मी अजून इथे सेट झाले नाही. हे सेट म्हणजे नक्की काय रे? माझ्या पार्लरमध्ये केस सेट होतात. दाताचा डॉक्टर म्हणतो, वरचा सेट बदला. शेजारणीचा मुलगा सेट झाला, म्हणजे त्याला नोकरी लागली. हिला तर औषधांच्या दुकानात नोकरी आहे! मग अडलंय कुठे?

तिची बॅग अजून पलंगाखाली भरलेली. रोज त्यातून कपडे काढते, त्यातच ठेवते. मी अर्धं कपाट रिकामं केलंय, ते तसंच आ वासून आहे. करमतंय ना, काही हवंय का, असं मी सारखं विचारते, तर ती नुसती मान हलवते. पोर निघून जाते की काय, या धास्तीने मला घास गोड लागत नाही.

उत्तर धाड, कौतुक नको.

तुझी आत्या

ता. ११

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आमच्याकडेही हा शब्द आहेच. स्लॅब टाकला की सेट होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पण एखादा उतावळा बोट खुपसून बघतोच, आणि ते भोक कायमचं राहतं. आत्या, तो उतावळा म्हणजे तू. सारखं विचारू नकोस. वेळच्या वेळी पाणी द्यायचं, बस्स.

बॅगेचं मात्र मी दोनदा वाचलं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा भोपळ्या

ता. १९

प्रिय भोपळेसाहेब, स. न. वि. वि.

आत्याबाईंचं काय बिनसलंय? अवाक्षर बोलत नाहीत. मी खोलीत आले की त्या बाहेर. फक्त घडीघडीला पाण्याचा ग्लास आणून ठेवतात, मी प्यायले की समाधानाने मान हलवतात आणि जातात. आधी सारखं विचारायच्या, तेव्हा परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. आता नापास झाले वाटतं. मी नकोशी असेन तर सरळ सांग. रविवारी आईकडे जाते. बॅग भरलेलीच आहे.

अजून तरी तुझीच

ता. २५

चि. भोपळ्यास अ. आ.

आग लागो तुझ्या सिमेंटला! रविवारी सूनबाई बॅग घेऊन दारात. मी तुझा नियम पाळून गप्प, पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला. तिने बॅग आपटली आणि अशी भांडली म्हणतोस! बोलत का नाही, माझं चुकलं काय, आणि पार्लरचे ओले टॉवेल आपल्या घरात खुर्च्यांवर का पडलेले असतात, कधीची बघतेय मी, म्हणाली.

आपल्या घरात म्हणाली रे! मला रडूच फुटलं. तुझं स्लॅबचं पत्र तिच्या हातात दिलं, तर हसता हसता तिने खाली बसकण मारली.

टॉवेलांसाठी आता दोरी बांधली आहे. अर्धं कपाट तिला पुरेना, माझ्या साड्या बाहेर आल्या. त्या मी तिच्या बॅगेत भरल्या आणि बॅग माळ्यावर टाकली.

सेट म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. विचारायचीही सोय नाही, बोट खुपसल्यासारखं होईल.

लोभ आहेच. त्यात आता वाटेकरीण आली आहे, तेवढं सांभाळून घे.

तुझी आत्या