खंडेनवमीला पाना उचलत नाहीत

२९ सप्टेंबर, सोमवार
आदिलाबादेतल्या मेकॅनिकांची गुलामी बंद! आजपासून गाडीचं ऑइल मी स्वतः बदलणार. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, पोरखेळ आहे. दसऱ्याला रंजीताला याच गाडीवर माहेरी, वांकिडीला नेणार. सासरे लक्ष्मणराव फार आजारी. डॉक्टरनं हात टेकले. रोज फोनवर विचारतात, पोरगी सोनं घेऊन येते ना? मी शब्द दिला. आपला शब्द म्हणजे शब्द.

३० सप्टेंबर, मंगळवार
ऑइल बदललं. खालचा बोल्ट चांगला आवळला. मनाचं समाधान होईना म्हणून अजून आवळला. कट् झालं. आता फिरवला की नुसता फिरतच राहते. म्हणजे अडकत तरी नाही. Good sign.
रंजीता म्हणे, खाली थेंब काऊन पडून राह्यले? म्हटलं, नवीन ऑइल आहे, सेट होऊन राह्यलं.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी. सकाळ
प्रवीण मेकॅनिककडं गेलो. पाने-हातोडे पाटावर मांडून, हळदकुंकू लावून मोकळा. म्हणे, आज हत्याराला हात नाही. गाडीही काढू नका म्हणे. फुकटचा सल्ला!
माझाही पाना देवापुढं. नेम मोडणारा मी नाही. पण हात थोडेच पूजेत ठेवलेत? बोल्टाला नळाची पांढरी टेप गुंडाळली, बोटांनीच बसवला. एकदम फिट.

दुपार
गाडीला हार घातला. खालच्या रांगोळीवर काळा डाग पसरला. रंजीता बराच वेळ तिकडं पाहत होती.
तेवढ्यात वांकिडीचा फोन. सासऱ्यांना धाप लागली. ती म्हणे, मी आत्ताच बशीनं जाते, इकडं सरकारी बशीत बायकांना तिकीटही नाही. म्हटलं, जावई जिवंत असताना पोरगी गर्दीत लटकत जाईल? लोक काय म्हणतील? सकाळी गाडीनं झुम्मकन जाऊ.
ती आपट्याची पानं पिशवीत भरू लागली. पटलं असावं.

२ ऑक्टोबर, दसरा. पहाट
निघतो. अंगणात डाग कालच्यापेक्षा मोठा. अंधारात तसंच दिसते.

सकाळ, केरामेरीचा घाट
रस्त्यात टकटक सुरू झाली. मी गाणं म्हटलं, टकटक ऐकू येईना. मग कर्रकन आवाज आला आन् गाडी जागीच थांबली. वाकून पाहिलं. बोल्ट गायब. टेपचा तुकडा लोंबून राह्यला. काळजीचं कारण नाही, इंजिन गार झालं की चालू होईल.
रंजीतानं जीपला हात केला. आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन चढली. म्हटलं, तुझ्या आधी पोचतो बघ. जीप निघून गेली. माकडं तेवढी पाहत होती.

दुपार
किक मारून पाय सुजला. जाम म्हणजे जाम. फोनला रेंज नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, वांकिडी
काल ट्रकनं आलो. दारापुढं माणसं उभी होती. रंजीताची जीप पोचायच्या थोडं आधीच सासरे गेले. ती माझ्याशी बोलत नाही.
कंपनीचा बोल्टच खराब निघाला, हे मी सगळ्यांना सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलंच नाही.
आज सासूबाई, जयवंताबाई, शेजारणीला सांगत होत्या, "बुधवारी संध्याकाळी फाट्यावर बस थांबली तं हे उठून बसले होते. म्हणे, रंजी आली असन. दार लोटू नका."
मी म्हटलं, दसऱ्याच्या बशीला फार गर्दी असते.