बाबांच्या दाखल्यात काही फरक नाही

ती. ताईस,

धाकट्याचा खुर्चीत बसूनच, पण मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आई नीट जेवते ना? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त मला वेड लागलंय अशी ऑफिसात कुजबुज आहे. ती तिखटमीठ लावून तुझ्या कानावर यायच्या आत मीच सांगतो.

आमचं काम म्हणजे पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले छापणारा प्रोग्रॅम सांभाळणं. कॉम्प्युटर रोज आपणहून नमुन्याचे दाखले काढतो आणि जुन्या मंजूर प्रतींशी ताडून बघतो. केसाएवढा फरक निघाला तरी लाल शेरा. सहा वर्षांपूर्वी नमुन्याला माणूस हवा होता, म्हणून मी बाबांना बसवलं. (सहीसुद्धा त्यांनी हौसेने दिली, सवयीप्रमाणे चौकटीबाहेर. मध्यंतरी एकाने ती आत सरकवली, तर कॉम्प्युटरने बोंब ठोकली. बाबांना चौकटीत बसवणं आईला चाळीस वर्षांत जमलं नाही, तिथे याची काय कथा!)

बाबा गेले त्याला चार महिने झाले. पण रोज सकाळी माझा चहा संपेपर्यंत स्क्रीनवर येतं: सदर व्यक्ती हयात आहे, काही फरक नाही. ते वाचतो आणि मग कामाला लागतो. हे साहेबांना कळलं. गेलेला माणूस नमुन्यात चालणार नाही, म्हणाले, दुसरा कुणीतरी बसवा. सोमवारी मन घट्ट केलं आणि (त्यांना काढायचं सोडून, अक्कल गहाण ठेवल्यासारखी) त्यांच्या मृत्यूची तारीख भरली. दाखला निघेना. बाकीचे नमुनेही त्यांच्यावरूनच बेतलेले, त्यामुळे चारशे बारा तपासण्या एकदम लाल. सगळं ऑफिस माझ्या टेबलाभोवती. मी तारीख पुसली, आणि दोन मिनिटांत सगळं पहिल्यासारखं हिरवं. ताई, तारीख पुसली की झालं, इतकंच! मी सगळ्यांसमोर रडलो. साहेबांनी स्वतःचा रुमाल दिला, तो अजून माझ्याकडेच आहे.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांच्या जागी मी तुझं नाव दिलंय. कोऱ्या कागदावर सही करून पोस्टाने पाठव. चौकटीची काळजी करू नकोस. (फोनवर काढलेला फोटो चालत नाही, असं मीच साहेबांना सांगितलंय.)

आणखी एक ता. क. तुझी सही हातात पडेपर्यंत बाबांना हलवायचं नाही, असं साहेबांनी कबूल केलंय. तेव्हा गुडघा सांभाळ, पोस्टात जायची घाई करू नकोस.