पट्टीले मोहाचा वास

मुक्काम शहापूर, दवाखान्याचा ओटा
आश्विन, घट बसून पाचवा दिवस

चि. सौ. देवका हिले,

थोरल्या बहिणीचा, रुखमाचा, आशीर्वाद. तुम्ही सारे बरे असालच. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहून राहिली. खुशाल असतो तर दिघोरीले घरी असतो. माझ्या गाईले वेळेवर कोंडा देत जा. तुझ्या सासूचे गुडघे दुखत असतील तर दुखू दे, तू नवरी होऊन गेली तेव्हापासून दुखून राहिले.

तुझ्या भाऊजीचं हर्नियाचं ऑपरेशन बरं झालं. (धानाचं पोतं एकट्यानं उचलू नका म्हटलं होतं. ऐकतील तर ते तुझे भाऊजी कायचे.) पण तिसऱ्या दिवशी मी भात घेऊन खाटेजवळ गेली, तर मोहाचा वास. अस्सल, टोपल्यात आंबलेल्या फुलांचा. मले सांग, पोटाले टाके असलेल्या माणसानं मोहाची आणली कोठून? उशी झटकली, गादी उलटली, थर्मास हुंगला. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला गोमाजी आहे, त्याचं तोंडच असं की पाहिलं का संशय येते. त्याले म्हटलं, तूच पाजली. तो म्हणे, बाई, माझा पाय टांगला आहे, भट्टीवर का उडत गेलो? मी म्हटलं, तुझा पाय टांगला, तुझा भाऊ तर मोकळा फिरते. तुझे भाऊजी तापात पडल्या पडल्या म्हणे, मी नाही पिलो. पिलेला माणूस असंच म्हणते. साऱ्या वार्डासमोर मी त्यायले असं धुतलं, का शेवटी नर्स धावत आली. मी तिलेच पंच केलं, म्हटलं हुंग. तिनं तोंड नाही हुंगलं, पट्टी हुंगली. सोडली तर आतला कापूस हिरवागार, बोडीतल्या साचल्या पाण्यावर शेवाळ येते तसा. वास तेथूनच.

डॉक्टर म्हणे, जंतू शिरला. मी म्हटलं, जंत तर आषाढातच पडले, वावडिंग दिली होती. तो म्हणे, जंत नाही बाई, जंतू. डोळ्याले दिसत नाही. मातीत, पाण्यात, ओलीत राहते. तुमच्या बांधीत आहे, आमच्या नळाच्या तोटीतही आहे. मले राग आला. म्हटलं, जन्म गेला आमचा बांधीतल्या चिखलात धान रोवता रोवता, पायाच्या भेगा त्याच मातीनं भरल्या, तेव्हा हा जंतू कोठं गेला होता? तो म्हणे, धडधाकट माणसाच्या वाटेले तो जात नाही. माणूस अशक्त झाला, कातडी कापलेली भेटली, का आत घुसते. अन् दवाखान्यात तर सारे पडलेलेच; वरून औषधं पचवू पचवू येथला जंतू निगरगट्ट झालेला, साध्या इंजेक्शनले जुमानत नाही.

तेव्हा मले समजलं. आमच्या शेताच्या धुऱ्याले, बांधाले लागून वावर असलेला तो दादाजी, तसंच हे. तुझे भाऊजी उभे होते तवर लांबून रामराम करून जाये. ते खाटेवर पडले अन् धुरा दोन हात आमच्या बांधीत सरकला. डॉक्टरले हे सांगितलं तर तो म्हणे, बरोबर, तस्साच. (शिकलेला असून लवकर समजलं त्याले.)

मग त्याची नजर खाटेखाली गेली. तेथं माझा घट. (घरी कोणाच्या भरवशावर ठेवू? मागच्या साली तुझा गहू पाण्यावाचून पिवळा पडला होता.) टोपलीत बांधीची माती, तिच्यात गहू, रोज गडवाभर पाणी. डॉक्टरनं वाकून टोपली पाहिली. मग हात जोडले, मले का घटाले समजलं नाही, अन् म्हणे, हे बाहेर. मी म्हटलं, बसवलेला घट हलवत नाही. तो म्हणे, मग पेशंट हलवतो. देवका, मी घट हलवला. निंबाखाली ठेवला अन् देवीले म्हटलं, माती तुझी, तिच्यातले जंतूही तुझेच, आवर त्यायले. पण डॉक्टरलेही सोडलं नाही. माती माझी असन, मोरी तर तुमची. तेव्हापासून मोरी घासून राहिले, अन् पट्टी बदलणारे आधी हात धुऊन राहिले.

गोमाजीची माफी नाही मागितली. पपईची मोठी फोड दिली, त्याले समजलं. बाकी काळजीसारखं काही नाही. वडीलधाऱ्यायले नमस्कार, लेकरायले पापा.

तुझी बहीण,
रुखमा

ता. क. – गावचे लोक बैलबंडी भरून पाहायले येतात म्हणून ऐकलं. कायले? धान कापता कापता उठून येतील, गुडघाभर माती घेऊन, अन् पट्टी दाबून विचारतील, दुखते का? त्यायले थांबव. सांग, रुखमा दारात काठी घेऊन बसली आहे. दादाजी म्हणन मी येतो, तर सांग, आधी धुरा नेऊन जागेवर ठेव.

आणखी ता. क. – तू मात्र ये. साबणानं हातपाय धुऊन, एकटी ये. वर काळजीसारखं काही नाही लिहिलं, ते शाईचं आहे, पुसता येत नाही. ताप उतरला नाही. काल मले ओळखलं नाही त्यायनं, नर्स समजून अहो-जाहो बोलत होते. परवा टाके उसवून आतून साफ करतो म्हणतात, त्या कागदावर माझी सही मागतात. म्हणून हे पोस्टात न टाकता गोमाजीच्या भावाच्या हाती देऊन राहिली, तो तिकडेच चालला. एवढं मोठं पत्र लिहिलं मी, पण सही तेवढी होऊन नाही राहिली. उद्याच्या पहिल्या यस्टीनं ये. गाईचं पाहीन कोणी.