तांब्याच्या हंड्यातलं पाणी

६ फेब्रुवारी २००५, रविवार, संध्याकाळ

तिसरा हिरवा बेडूकही दुपारी मेला. परदेशी बेडूक, पाली, कासवं यांच्या चोवीस काचपेट्या वरच्या खोलीत मांडायच्या, त्याआधी या तिघांवर हात बसवायचा, असं ठरवलं होतं. प्रत्येक पेटीचं तापमान, ओलावा, खाणं ग्राफपेपरवर लिहून तयार आहे. कुणाला विचारलं नाही. सगळं स्वतः वाचून केलं.

आज मात्र कॉलेज रोडवरच्या माशांच्या दुकानदाराला फोन केला.

त्यानं विचारलं, "काका, पाणी कसलं देता?"

"नळाचंच. क्लोरीन उडायला दोन दिवस उघडं ठेवून. तांब्याच्या हंड्यात." शेवटचं जरा ऐटीतच सांगितलं.

तो म्हणाला, "अहो काका, तांबं माणसाला चालतं. बेडूक कातडीनं पाणी पितो. त्याला ते विष!"

तांब्याचा हंडा! बायकोने, सुलभाने प्लॅस्टिकची बादली पुढे केली होती, तर मीच ओरडलो होतो, शुद्ध पाणी कशाला म्हणतात ते कळतं का म्हणून. चोवीस पेट्या कोण सांभाळणार? मी? ज्याला बादली आणि हंड्यातला फरक कळला नाही तो?

आत्ता सुलभा चहा घेऊन वर आली. डोळे सुजलेले. "काल मी इथली फरशी फिनाईलनं पुसली. त्यानंच झालं का हो?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी ग्राफपेपरची घडी घालत म्हणालो, "असेल."

"चुकलंच माझं," म्हणत ती खाली गेली. आणि मी तिला जाऊ दिलं.