तांदळाच्या डब्यातला कॅमेरा

रविवार, संध्याकाळ

काल समुद्राच्या घोटाभर पाण्यात उभं राहून सूर्यास्त टिपताना शाळेतली कविता म्हणत मागे सरकलो आणि पडलो. शालिनीने माझ्या निवृत्तीला दिलेला कॅमेरा लाटेत भिजला. तिला कळू नये म्हणून गुपचूप उघडून पुसला, जोडला, तांदळात पुरला. आज पेजेचे तांदूळ काढताना तिच्या हाती नेमका तोच!

"अहो, पेजेत कॅमेरो शिजवूचो आसा काय?"

चालू झाला खरा. पण तिचा फोटो काढला तर गालावर काळा ठिपका. आत कोंडा गेलेला. पुन्हा उघडू?

"नको. इतक्या वर्सांत काय दिलास नाय, ह्यो तीळ तरी दिलास."

काय बाई आहे! ठिपका आता प्रत्येक फोटोत तिथेच येणार. सूर्यास्त राहू देत. तिचेच काढीन, गाल बरोबर ठिपक्याखाली धरून.