ह्यांची चामड्याची सीट

चारकोप, ११ फेब्रुवारी

शकुताईंना रुक्मिणीचा वाकून नमस्कार.

त्या सोमवारी सकाळी मी एका शेगडीवर दूध ठेवलं होतं, दुसरीवर भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड, आणि उभ्या उभ्या कोथिंबीर निवडत होते. पाणी जायच्या आत पिंप भरायचं होतं. हे बाहेर पॅसेजमध्ये सायकलपाशी उकिडवे बसले होते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते सीटखालचा बोल्ट पाव फेरा आवळायचे, चामडं सैल पडू नये म्हणून. मग आपल्या तळमजल्याच्या खिडकीपाशी येऊन विचारायचे, ‘‘बघ गं, सरळ बसलीय का?’’ खिडकीतून जरा वाकलं की सायकल दिसते. मी वाकले नाही, दूध वर येत होतं. ‘‘सरळ आहे,’’ म्हटलं. सव्वीस वर्षं मी न बघताच सरळ आहे म्हणत आले. त्यानंतर आठ दिवसांनी हे गेले.

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळतं. आधी समोरच्याची चौकशी करायची असते. तर करते. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मुलुंडच्या घरातली धूळ तुम्हाला जास्त दिसायला लागलीय असं तुम्ही म्हणाला होतात, ती अजून दिसते का? भावोजींचा खोकला कसा आहे? मी गुडघे सोडून बरी आहे. (फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही मध्ये बोलता आणि मी मुद्दा विसरते. कागद मध्ये बोलत नाही.)

मुद्दा सीटचा आहे. वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर तुम्ही पॅसेजमध्ये उभ्या राहिलात, सीटवरून हात फिरवलात आणि म्हणालात, ‘‘माझ्या दशाची एवढी एक वस्तू मला दे. कपाटावर ठेवीन.’’ मी लगेच हो म्हटलं. ही सीट ह्यांनी घेतली तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात, ‘‘बायकोच्या हातात बांगडी नाही आणि ह्याच्या बुडाखाली चामडं.’’ ते तुम्हाला आता लागत असणार, हे मला समजलं. म्हणून हो म्हटलं. आज महिना झाला आणि सीट अजून इथेच आहे. असं का झालं ते सगळं सांगते, म्हणजे माझ्याबद्दल गैरसमज नको.

तुम्ही मुलुंडला परत गेलात त्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस लागली. पॅसेजमधल्या वापरात नसलेल्या सायकली फेब्रुवारीअखेर भंगारात जाणार. मी सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा सिद्धेश. पोरगा वाईट नाही, पण नवीन सेक्रेटरी आहे आणि त्याच्याकडे शिक्का आहे. म्हणाला, ‘‘काकी, तुम्ही चालवताना मला एकदा दिसलात ना, की ती वापरात. मी लिहून टाकतो.’’ डॉक्टरही म्हणाले होते की गुडघ्यांना चालण्यापेक्षा सायकल बरी. कुडाळला माहेरी असताना मी माझ्या दादाची सायकल चालवायचे, ते अंगात असणारच, असं मी धरून चालले. म्हटलं, सिद्धेशला एकदा दिसते, मग सीट काढून मुलुंडला पाठवते आणि सायकलला दुसरी सीट बसवते. इतकं साधं होतं.

पण ताई, तुमचे भाऊ पावणेसहा फूट. मी सीटवर चढले तेव्हा दोन्ही पाय हवेत राहिले. कंपाउंडची भिंत होती म्हणून वाचले. (भिंतीवर वाळत घातलेल्या पेडणेकरांच्या चादरीलाही थोडं श्रेय द्यायला हवं. ती आता दोन चादरी झालीय.) सीट खाली केली. तरी बसवेना. तुम्ही वरून हात फिरवलात, पण बसून बघितलं नाहीत. त्या चामड्यात ह्यांच्या हाडांचे दोन खड्डे आहेत, लिंबाएवढे, आणि मध्ये उंचवटा. ते खड्डे बरोबर ह्यांच्याच मापाचे. मी बसले की माझी हाडं खड्ड्यांच्या बाहेर काठावर येतात आणि उंचवटा नको तिथे टोचतो. एवढी वर्षं एका पलंगावर काढली, पण ह्या माणसाची बैठक माझ्यापेक्षा इतकी वेगळी असेल असं कधी वाटलं नव्हतं.

म्हटलं चामडं कडक झालंय, वर्षभर कोणी बसलेलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, त्यामुळे छापील दिसलं की मी वाचते आणि वाचलं की विश्वास ठेवते. खोबरेल तेलाच्या बाटलीवर लिहिलं होतं, ‘कोरड्या त्वचेस मऊ ठेवते.’ चामडं म्हणजे त्वचाच. मी तीन दिवस सकाळ-दुपार तेल चोळलं आणि उन्हात ठेवलं. वॉचमन म्हणाला, ‘‘काकी, बाळंतीण आहे का ती?’’ मी लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी बसले तर सीट खरंच मऊ. इतकी मऊ की मधोमध झोळीसारखी खाली गेली आणि खालची दांडी लागली. मी उतरले, सायकल भिंतीला लावली आणि भाजी आणायला चालत मार्केटला गेले. सगळं मार्केट फिरून झाल्यावर कोळीण म्हणाली, ‘‘बाय, मागे बघ, लुगड्यावर दोन चंद्र उगवलेत.’’ फिकट निळी साडी होती, माझ्या मिहिरने पुण्याहून आणलेली. डाग अजून गेलेले नाहीत.

मी घाबरले ते साडीसाठी नाही. तुम्हाला द्यायची वस्तू मी खराब केली म्हणून घाबरले. सायकल ढकलत डेपोजवळच्या रतनकडे नेली. ह्यांची सायकल तोच बघायचा, त्याचे आता सगळे केस पांढरे झालेत. त्याने सीटला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, ‘‘वहिनी, फोडणी कोणी दिली?’’ मग आठ दिवस सावलीत ठेवायला सांगितलं, रोज कोरड्या फडक्याने पुसायची आणि रोज पाव फेरा आवळायची. तेल थेंबभर, तेही खालच्या बाजूने, वर्षातून एकदा. हे मला माहीत असायला हवं होतं. खिडकीतून नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं.

तोवर दुसरी सीट बघू म्हटलं. रतनने साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, ‘‘ह्यावर बसा, पाय जरा वर घ्या.’’ भर रस्त्यावर, डेपोकडे तोंड करून मी पुठ्ठ्यावर बसले. उठल्यावर त्याने पुठ्ठ्यातल्या दोन खळग्यांमधलं अंतर टेपने मोजलं. म्हणाला, बायकांची हाडं रुंद असतात, दादांपेक्षा तुम्हाला दोन बोटं जास्त लागणार. मग मी तीन सीटा चालवून बघितल्या. पहिली स्पंजची, तिच्याबद्दल रतन स्वतःच म्हणाला, ‘‘पहिल्या दिवशी मैत्रीण, आठव्या दिवशी सासू.’’ दुसरी जेलची, तिच्यावर बसल्यावर जेलीवर बसल्यासारखं वाटतं आणि ती कुठे जाईल ते तिचं तिलाच माहीत नसतं. तिसरी स्प्रिंगवाली आणि रुंद, ती मात्र झकास होती. टोकही बरोबर जमलं, किंचित वर, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. मी डेपोला वळसा घालून आले, काही दुखलं नाही. रतन म्हणाला, ‘‘बसवू का?’’

मी म्हटलं, उद्या सांगते.

मग मी त्याला विचारलं की ह्यांच्या सीटवर मीच बसत राहिले तर काय होईल. तो म्हणाला, ‘‘चार महिने त्रास होईल. मग चामडं तुमचं होईल.’’ आणि खड्डे? तो पाना पुसत होता. म्हणाला, ‘‘वहिनी, ते जाणार. एका सीटवर दोघांचे खड्डे राहत नाहीत.’’

तर ताई, असं आहे. सीट आता कोरडी झालीय, ताणली गेलीय आणि खड्डे आहेत तसे आहेत. तुमच्या कपाटावर ते कायम तसेच राहतील, हे मला पटतं. सायकलला स्प्रिंगवाली सीट बसेल, सिद्धेशला मी दिसेन, सायकल भंगारात जाणार नाही. सगळं नीट होईल. सीट वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलीय. रविवारी मिहिर येईल, त्याच्या हाती मुलुंडला पाठवते.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
रुक्मिणी

ता. क. : कपाटावर ठेवणार असाल तर खिडकीपासून लांब ठेवा, उन्हाने चामडं तडकतं. तुमच्याकडे धूळ आहे, म्हणून वरून फडकं घाला.

आणखी ता. क. : पिशवीतून दोनदा काढून बघितली. पहिल्यांदा फक्त वर्तमानपत्र वाचायचं राहिलं होतं म्हणून.

शेवटचं : ताई, हे पत्र मी खरं म्हणजे तुमच्याकडे एक मागायला लिहायला घेतलं आणि चार पानं झाली तरी मागितलंच नाही. मी तुम्हाला हो म्हटलं होतं, ते परत घेऊ द्या. सीट मला ठेवू द्या. ह्यांचं घड्याळ देते, ते अजून चालतं. माझ्याकडे राहिली तर ह्यांचे खड्डे मोडतील आणि तुम्हाला त्याचं वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. मलाही वाटेल. पण ती कपाटावर असेल आणि मी इथे दुसऱ्या कशावर तरी बसून फिरत असेन, हे मला जमणार नाही. रागवायचं असेल तर रागवा, मग फोन करा.

१२ तारीख : पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून लिहिते. आज सकाळी सहाला मी ह्यांची सीट सायकलवर परत चढवली. दोन बोटं खाली घेतली, टोक किंचित वर ठेवलं, मग खिडकीत जाऊन बघितलं आणि पुन्हा बाहेर येऊन थोडं वळवलं. मग बसले. सेक्टर आठपर्यंत गेले आणि परत आले. सिद्धेश उठलेला नव्हता, म्हणून आणखी एक फेरी मारली.